फोमचा बोलका बैल कसा बेतायचा?

प्रश्न वसमतकडच्या जिल्हा परिषद शाळेतल्या एका शिक्षिकाताईंचा आहे. पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात पहिली-दुसरीच्या पोरांना गोष्ट सांगायला त्यांना तोंड उघडणारा बैल हवाय. एक करून झाला. डोकं खोक्यासारखं चौकोनी झालं, तोंड उघडलं की गालफडं आत दुमडतात, आणि वरून कापड चढवल्यावर सुरकुत्याच सुरकुत्या. फोम कोणता घ्यायचा, कशानं चिकटवायचा, कापड कसं बेतायचं, शिवणयंत्र लागेलच का आणि बाहुली टिकेल किती, असं त्यांनी विचारलंय.

ताई, तुमच्या वर्णनावरून वाटतं की तुम्ही बैलाचं चित्र समोर ठेवून डोकं केलंत आणि मग त्यात हात कसा बसेल ते पाहिलंत. तिन्ही अडचणी तिथूनच आल्यात. हातबाहुलीचं काम हातापासून सुरू होतं. आधी हात, हातावर जबडा, जबड्यावर डोकं, डोक्यावर कापड. बैल सगळ्यात शेवटी येतो.

रामदास पाध्ये यांच्या अर्धवटरावांसारखं तोंड हलावं, असंही तुम्ही लिहिलंय. ती जात वेगळी. तिथं डोकं टणक असतं, खालचा जबडा वेगळा असतो आणि आतल्या कळीनं तो खालीवर होतो. पिंगुळीच्या ठाकर मंडळींच्या कळसूत्री बाहुल्या तर लाकडाच्या आणि दोऱ्यांवरच्या. फोमच्या बाहुलीत कळ नाही, दोरा नाही. तुमची चार बोटं म्हणजे वरचा जबडा आणि अंगठा म्हणजे खालचा. म्हणून मोजमाप तुमच्याच हाताचं हवं. शाळेत दुसऱ्या ताई तोच बैल चालवणार असतील तर मोठा हात असेल त्याचं माप घ्या.

चारही बोटं जुळवून सरळ ठेवा, अंगठा खाली घ्या आणि हात पुठ्ठ्यावर कडेनं टेकवून पेन्सिल फिरवा. मग तळवा पालथा ठेवून चार बोटांची रुंदी घ्या. बाईमाणसाच्या मध्यम हाताला ही रुंदी साधारण 8 सेंटीमीटर भरते. दोन्ही बाजूंना एकेक सेंटीमीटर सोडला की जबडा 10 सेंटीमीटर रुंद होतो. लांबी मोजायची ती अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या बेचक्यापासून बोटांच्या टोकापर्यंत. त्यात पुढं दीड-दोन सेंटीमीटर वाढवा. बैलाचं नाक बोटांच्या पुढं एवढंच जाऊ द्यायचं. त्याहून पुढं नेलंत तर टोकाला तुमचा ताबा राहत नाही, तोंड नुसतं लटकतं.

आता बैल कोणता, ते ठरवा. "बैल" असं मोघम ठरवलं की हातून म्हैस, कुत्रा आणि बैल यांच्या मधलं काहीतरी घडतं. आपल्याकडं नमुने दारातच आहेत. लातूरकडची देवणी घ्या: कपाळ ठळक, पुढं आलेलं, कान लांब आणि लोंबते, अंगावर काळं-पांढरं. देवणीतही वानेरा, बालंक्या आणि शेवरा असे प्रकार आहेत. वानेऱ्याचं अंग पांढरं आणि तोंडाच्या बाजूंना काळं, बालंक्याला पोटाकडच्या अंगाला काळे ठिपके, आणि शेवऱ्याच्या पांढऱ्या अंगावर वेडेवाकडे काळे डाग. नांदेड-कंधारकडची लाल कंधारी घेतली तर सगळा बैल एकाच गडद तांबड्या रंगाचा, म्हणजे कापड कमी आणि जोडकामही कमी. पहिल्यांदा करणाऱ्याला मी लाल कंधारीच सुचवतो. पण तुमच्या पोरांच्या घरी देवणी असेल तर वानेराच करा. शिवायला तो अवघड नाही, आणि काळं तोंड लांबूनही उठून दिसतं.

जनावर ओळखू यायला दोन खुणा पुरतात. देवणीत कपाळ आणि कान. त्या दोन खुणा खऱ्यापेक्षा थोड्या वाढवा, बाकीच्या सोडून द्या. नाकपुड्यांच्या आतली घडी, गळ्याची पोळी, पापण्यांचे थर हे सगळं करत बसलात तर बाहुली जड होते आणि दहा फुटांवरून त्यातलं काही दिसतही नाही. उस्मानाबादी शेळी करायची झाली तर काळा रंग, लोंबते कान आणि दाढीचा झुपका एवढ्यावर धाराशिवची पोरं नाव सांगतील.

फोमकडं येऊ. गादीवाल्याकडं किंवा सोफा दुरुस्त करणाऱ्याकडं मिळतो तो पीयू (पॉलियुरेथेन) फोम आपल्या कामाचा. जाडी 12 मिलिमीटर, म्हणजे दुकानाच्या भाषेत अर्धा इंच. 32 ची डेन्सिटी मागा, 40 चालेल. 18-23 ची डेन्सिटी स्वस्त असते, पण महिन्या-दोन महिन्यांत बोटांच्या दाबानं बसते आणि पुन्हा वर येत नाही. डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन किलोत, म्हणून दुकानदारानं काहीही सांगितलं तरी खात्री करता येते. 10 सेंटीमीटर लांब, तेवढाच रुंद आणि तेवढाच उंच ठोकळा काट्यावर ठेवा. 32 चा असेल तर 32 ग्रॅम भरतो. पातळ शीट असेल तर 10 बाय 10 चे तुकडे एकावर एक रचून 10 सेंटीमीटर उंची करा आणि सगळे मिळून तोला.

रंगीबेरंगी तुकडे दाबून केलेला रिबॉन्डेड फोम घेऊ नका, तो जड आणि ताठ असतो. टीव्हीच्या खोक्यात येतो तो पांढरा पॅकिंगचा फोम वाकवला की मोडतो. पीयू फोमचाही रंग बघा. पांढऱ्या बैलाला आत काळपट फोम लावला तर पातळ कापडातून तो दिसतो आणि बैल मळका वाटतो. पूर्ण शीट घ्यायची गरज नाही. सोफावाल्याकडं कातरण पडलेली असते, एका डोक्याला ती पुरते. लातूरला गंजगोलाईच्या आसपास, संभाजीनगरला गुलमंडी-शहागंजकडं किंवा नांदेडला वजिराबादेत फिरलात तर कापड, रबर, बटणं, झालरी असं बाकीचं सगळं एका दुपारी गोळा होईल.

फोम कापायला कात्री वापरू नका, निदान मोठ्या कापाला तरी नाही. कात्री फोमला दाबून कापते. मग कडेला वरचा आणि खालचा काठ पुढं राहतो, मधला भाग आत जातो, आणि अशा दोन कडा कधीच नीट जुळत नाहीत. खटकन मोडणाऱ्या पात्यांचा कटर घ्या, नवं पातं लावा, ते सरळ उभं धरा आणि फोम न दाबता एका लांब ओढीत कापा. तापलेल्या तारेनं कापायचं तंत्र थर्मोकोलचं आहे. पीयू फोमवर ते करू नका, त्याचा धूर विषारी असतो.

चौकोनी डोक्याचा उपाय टक्समध्ये आहे. तुम्ही ब्लाउज शिवत असाल तर निम्मं काम तुम्हाला येतंच: सपाट कापडाला टक्स घालून जसा गोलावा आणतो, तसाच फोमलाही आणायचा. फरक इतकाच की कापडात जादा भाग आत दुमडून राहतो आणि फोममध्ये तो इंग्रजी व्हीच्या आकारात कापून काढून टाकायचा आणि उरलेल्या दोन कडा एकमेकींना चिकटवायच्या. यात एक बारकावा आहे. व्हीचे दोन्ही हात सरळ रेषेत कापले तर डोक्याला टोक येतं, जिथं टक्स संपतो तिथं टेंगूळ उभं राहतं. दोन्ही हात एकमेकांकडं किंचित फुगवून कापले तर गोलावा सलग येतो. देवणीच्या कपाळाला हाच गोलावा हवा.

बैलाच्या डोक्याला मी तीन तुकडे करतो: डावा गाल, उजवा गाल आणि नाकापासून मानेपर्यंत जाणारी मधली पट्टी. गालाचा तुकडा म्हणजे बैलाची बाजूनं दिसणारी आकृती. नाक, नाकाच्या वर थोडी खोल रेघ, मग कपाळाचा उंचवटा, मग मान. मधली पट्टी नाकाशी 9 सेंटीमीटर, नाकाच्या दांडीवर 7 आणि कपाळावर 11 रुंद ठेवा, मग मानेकडं पुन्हा निमुळती करा. पट्टीच्या कडेची लांबी आणि गालाच्या वरच्या कडेची लांबी तंतोतंत सारखी हवी. गालाची कड वळणावळणाची असते, तिथं सरळ फूटपट्टी फसवते. सुतळी कडेवर उभी बसवून मापा. पट्टीच्या दोन्ही कडांना कपाळाच्या जागी एकेक टक्स द्या, टक्सच्या उघड्या तोंडाशी दीड सेंटीमीटर रुंद आणि 4 सेंटीमीटर खोल. दोन्ही टक्स आधी चिकटवून मगच मापा, कारण ते पट्टीच्या कडेची लांबी दोन्हीकडं दीड-दीड सेंटीमीटरनं खातात. तेवढी पट्टी आधीच जास्त लांब कापा.

हे सगळं आधी वर्तमानपत्रावर करा आणि चिकटपट्टीनं जोडून हातावर चढवून पाहा. कागदाचं डोकं वेडंवाकडं दिसेल, पण हात आत जातो का, अंगठा मोकळा आहे का, नाक फार पुढं तर नाही ना, हे कागदावरच कळतं. बरं वाटलं की तोच कागद उलगडून जाड पुठ्ठ्यावर उतरवा आणि जपून ठेवा. पुढच्या वर्षी त्याच नमुन्यावर नाकाची लांबी कमी-जास्त करून घोडा होतो. नांदेडकडच्या माळेगावच्या यात्रेची, म्हणजे घोड्यांच्या बाजाराची, गोष्ट सांगायची झाली तर तो लागेलच.

चिकटवायला पांढरा फेविकॉल नको. तो वाळला की कडक होतो आणि वाकवलं की त्या रेषेवर फोम फाटतो. गरम गोंदाची बंदूक तुमच्याकडं असेल, पण सांध्यावर तीही गाठी ठेवते, आणि मे महिन्यात बंद गाडीत बाहुली राहिली तर तो गोंद मऊ पडून सांधा सुटतो. चांभार चप्पल चिकटवायला वापरतात ते पिवळं सोल्युशन, म्हणजे रबरी काँटॅक्ट गोंद, घ्या. दोन्ही कडांना पुठ्ठ्याच्या तुकड्यानं पातळ थर ओढा आणि आठ-दहा मिनिटं थांबा. उन्हाळ्यात त्याच्या निम्मा वेळ पुरतो. बोटाचं पेर लावून बघा. तार सुटत नसेल पण चिकट वाटत असेल तर वेळ झाली. मग टक्सच्या टोकापासून बाहेरच्या कडेकडं कडा जुळवत या. एकदा टेकलं की मागं घेता येत नाही, म्हणून घाई नको. लांब कडेला आधी दोन्ही टोकं, मग मध्य, मग उरलेलं.

या सोल्युशनचा वास डोक्यात जातो आणि ते पटकन पेट घेतं. गॅस किंवा दिवा जवळ असेल तिथं डबा उघडू नका, अंगणात किंवा गच्चीवर बसून काम करा. आणि ताई, ते शाळेत उघड्या कपाटात ठेवू नका. पोरं त्याचा वास ओढतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. चिकटवण्याचं काम घरी करून डोकं तयार न्या, शाळेत पोरांना सजावटीचं काम द्या.

आता जबडा. बाहुली जिवंत वाटते ती इथं, आणि तुमची गालफडं दुमडतात तीही इथंच. जबडापट्टी म्हणजे तोंडाच्या आतली, मधोमध दुमडणारी तळपट्टी. वहीचा पुठ्ठा हाताच्या घामानं लुळा पडतो. प्लॅस्टिकच्या फाइलचं कव्हर अनेक जण घेतात. ते गुळगुळीत असतं, त्याला गोंद धरत नाही, दोन दिवसांत सोलून निघतं. चपलेच्या तळाची पातळ रबरी शीट चांगली, तीन-चार मिलिमीटर जाडीची. दोन तुकडे कापा. वरचा बोटांच्या मापाचा, पुढून बैलाच्या नाकासारखा रुंद आणि कडेला गोलसर. खालचा त्याहून सेंटीमीटर-दोन सेंटीमीटर आखूड. बैलाचा खालचा ओठ वरच्याच्या आत बसतो, आणि एवढ्यानंच चेहरा बैलाचा वाटू लागतो. दोन्ही तुकड्यांमध्ये दोन-तीन मिलिमीटर फट ठेवून जुन्या जीन्सची पट्टी दोन्हीकडून चिकटवा. झाला बिजागर. बिजागर अंगठ्याच्या बेचक्याशी यायला हवा. तो बोटांकडं पुढं सरकला तर तोंड चिमणीएवढं उघडतं आणि मागचा फोम उगाच चुरगळतो.

पट्टीच्या मागल्या बाजूला वर चार बोटांना एक रुंद इलास्टिक आणि खाली अंगठ्याला वेगळं कडं शिवा. इलास्टिक चिकटवू नका, पट्टीतून आरपार टाके घाला, ते तोंडाच्या कापडाखाली झाकले जातात. बोटांखाली फोमचा एक पातळ तुकडा लावला की पकड येते आणि घामानं हात घसरत नाही.

गालफडं दुमडतात कारण तोंड मिटताना बिजागराच्या दोन्ही टोकांशी फोमला जायला जागाच नसते. गालाच्या तुकड्यात बिजागराच्या टोकाशी दीड सेंटीमीटरची अर्धगोल खाच कापा आणि तिच्या भोवतीचा फोम आतून छोट्या कात्रीनं चिमटे घेत निम्मा पातळ करा. इथं कात्री चालते. वरून कापड आलं की खाच दिसत नाही. दिसतो तो ओठाच्या कोपऱ्याचा सैलपणा, आणि खऱ्या बैलालाही तो असतोच. तुमचं आधीचं डोकं फेकलं नसेल तर एवढी दुरुस्ती त्याच्यावर करून बघा, बरंच सुधारेल.

तोंडाच्या आत गडद लाल किंवा काळपट गुलाबी कापड, तेही चमक नसलेलं. जीभ फक्त मागच्या निम्म्या भागापर्यंत टाचा, पुढचं टोक मोकळं ठेवा.

कापडासाठी सगळ्यात सोपं साधन थंडीत रस्त्याच्या कडेला विकायला येतं: फ्लीसचं पातळ ब्लँकेट. हे कापड ताणतं, त्याची कड उसवत नाही आणि शिवण त्याच्या मऊ लवेत बुडून जाते. ब्लँकेट उन्हाळ्यात मिळत नाही, थंडीतच पांढरं आणि काळं एकेक घेऊन ठेवा. घरी रंगवू असं ठरवून पांढरंच घेऊ नका. फ्लीस पॉलिएस्टरचं असतं, सुती कापडाचा रंग त्याला धरत नाही. मखमल शोभते, पण ती ताणत नाही. ती किंवा साधं सुती कापड वापरायचं झालं तर उरेब कापा, तिरक्या धाग्यावर कापड थोडं तरी वळतं. फरचं कापड बैलाला नको, शेळीच्या दाढीला आणि घोड्याच्या आयाळीला ठेवा. फर कापताना मागच्या बाजूनं फक्त तळाचं कापड कटरनं चिरा. कात्री घातली तर केसही कापले जातात आणि सगळी कड बोडकी होते.

सुरकुत्या का आल्या? बहुधा एकच मोठा तुकडा डोक्यावर ओढून बसवलात. गोल वस्तूवर सपाट कापड ओढलं की कुठंतरी ते जादा होणारच. फोमचे जे तीन तुकडे केलेत, कापडाचेही तेच तीन करा, टक्सही त्याच जागी द्या. शिवणीसाठी चहूबाजूंनी 6 मिलिमीटर माया सोडा. कापड दोन्ही दिशांना ओढून पाहा, एका दिशेनं जास्त ताणेल. ती दिशा डोक्याच्या घेरावर आली पाहिजे, लांबीवर नाही. लांबीवर आली तर तोंड उघडताना नाक ताणतं आणि मिटताना ओठावर पोळी जमते. कव्हर आधी उलट्या बाजूनं शिवून घ्या, सुलटं करून पायमोज्याप्रमाणं मागून चढवा. सगळीकडं गोंद लावू नका. गोंद फ्लीसमध्ये मुरतो आणि डाग कडक होतात. ओठांच्या कडेला, डोळ्यांच्या खाचेत आणि मानेशी एवढ्याच ठिकाणी थोडासा लावा.

वानेऱ्याचं काळं तोंड पांढऱ्यावर वरून शिवू नका, दोन थर जाड होतात. कडेला कड भिडवून जोडा. हा टाका हातानंच घालायचा. काळी आणि पांढरी कड सुलट बाजू वर ठेवून शेजारी धरा. सुई पांढऱ्या कडेच्या जाडीत अर्धी आत घाला, दोन-तीन मिलिमीटर आतल्या आत चालवून बाहेर काढा, मग बरोबर समोर काळ्या कडेत तसंच. दोरा दोन कडांच्या मध्ये शिडीच्या पायऱ्यांसारखा दिसत राहतो. पाच-सहा टाके झाले की दोरा हलकेच ओढा. पायऱ्या गडप होतात आणि कडा एकमेकींत मिसळतात. मग सुईच्या टोकानं शिवणीत अडकलेली लव उचकून वर काढा. नीट जमलं तर जोड शोधावा लागतो. ज्या घरात वाकळ शिवणारी आजी आहे त्या घरात हा टाका शिकवावा लागत नाही, एकदा दाखवला की पुरतं.

शिवणयंत्राचं उत्तरही यातच आलं. नसेल तरी अडत नाही. डोक्याचं सगळं काम हातशिलाईनं चांगलं होतं, टाके दाट घाला आणि ओठांच्या कडेला दुहेरी दोरा वापरा. यंत्र कामी येतं ते बाहीला आणि झुलीला.

झूल हा तर आपल्या बैलाचा मोठा फायदा आहे. वाघ करा, ससा करा, मान संपली की पुढं धड कसं करायचं हा प्रश्न येतोच. बैलाला धड करायचंच नाही. मानेपासून कोपरापर्यंत सुती कापडाची बाही शिवा आणि तिच्यावर झूल टाका. जुन्या काठपदराच्या साडीचे काठ, आरशांची पट्टी, झालर, जे असेल ते. तसंच म्होरकीचं. नाक आणि कपाळ यांच्या मधला जोड नीट आला नसेल तर त्यावरून रंगीत म्होरकी बांधा, जोड झाकला आणि बैल सजलाही. शिंगांच्या बुडाशी फटी राहिल्या तर गोंडे लावा. गळ्यात घुंगुरमाळ हवीच, पण खरी पितळी नको. चार-पाच हलकी घुंगरं सुती गोफात ओवा. सजावटीसकट पूर्ण बैल पाव किलोच्या आत ठेवा, किराणा दुकानाच्या काट्यावर तोलून घ्या. हात उचलून धरायचा असतो. अर्धा किलोचा बैल गोष्ट संपेपर्यंत मान टाकतो.

शिंगं वर्तमानपत्राचे शंकू करून, वर काळं कापड चढवून, टोकाशी थोडा कापूस भरून करा. देवणीची शिंगं बाहेर जाऊन वर वळतात, तेवढं वळण शंकू ओलसर असताना द्या. टोकाला सोनेरी कागदाच्या शेंब्या, बाकी हिंगुळाचा रंग. कानांत तार घालू नका. दोन पदरी कापडाचे, बुडाशी एक घडी घातलेले कान डोक्याला चीर देऊन आत खोचा आणि शिवा. लोंबते कान मान हलवली की आपोआप हलतात. माझ्या मते या एका गोष्टीनं बैल जितका खरा वाटतो तितका दुसऱ्या कशानंच वाटत नाही.

डोळे सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात सावकाश. टेबल टेनिसचा चेंडू 40 मिलिमीटरचा असतो, त्याचे दोन अर्धे म्हणजे दोन डोळे. अमेरिकी बाहुलीकार जिम हेन्सन यांनी 1955 साली आईच्या जुन्या कोटाच्या कापडातून पहिला कर्मिट, म्हणजे पुढं बेडूक म्हणून गाजलेली बाहुली, केला, तेव्हा त्याचेही डोळे असेच चेंडूचे अर्धे होते. चेंडू थंड पात्यानंच कापा. जुने चेंडू सेल्युलॉइडचे असतात, ते भपकन पेटतात.

खऱ्या बैलाचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात. बाहुलीत तसेच लावले तर समोर बसलेल्या पोरांना बैल कुणाकडंच बघत नाही असं वाटतं. म्हणून ते गाल आणि मधली पट्टी यांच्या जोडावर, निम्मे समोर वळलेले बसवा. बुबुळ काळ्या रेक्झिनचं गोल कापा आणि लगेच चिकटवू नका, दुहेरी चिकटपट्टीवर ठेवा. कुणालातरी बैल हातात घालायला सांगा आणि दहा फुटांवर जाऊन बसा. बुबुळं मधोमध असली की बैल तुमच्या पलीकडं कुठंतरी बघतो. दोन्ही बुबुळं नाकाकडं केसभर सरकवत जा. एका क्षणी तो तुमच्याकडं बघायला लागतो. तिथं खूण करा आणि मग चिकटवा. वरून फ्लीसची पापणी अर्ध्या डोळ्यापर्यंत आणा. तिची बाहेरची बाजू खाली झुकवली की बैल गरीब दिसतो, आतली झुकवली की मारका. गाई-बैलांच्या आणि शेळीच्या डोळ्यातली बाहुली आडवी असते खरी, पण लांबून गोल बुबुळच नीट वाचता येतं. शेळीला मात्र मी आडवीच करतो, ती शेळीपणाची आणखी एक खूण आहे.

बोलवताना वरची बोटं स्थिर ठेवा आणि अंगठा खाली पाडा. बहुतेक जण चारही बोटं उचलतात, मग बैल प्रत्येक शब्दाला आभाळाकडं बघतो. अक्षर उच्चारताना तोंड उघडा, प, ब, म आले की मिटा. शब्द संपल्यावर नव्हे, शब्दाबरोबर. आरशासमोर "बाबा, मामा, पोळा" एवढंच हळूहळू म्हणून बघा, अंगठ्याला अंदाज येतो. आणि बोलून झालं की तोंड मिटलेलं ठेवून बैलाला पोरांकडं बघत राहू द्या, उत्तर पोरं देतील.

टिकण्याचं म्हणाल तर पीयू फोम उन्हानं पिवळा पडतो आणि वर्षांगणिक ठिसूळ होऊन त्याची भुकटी सुटते. कापडानं झाकलेला फोम बरीच वर्षं निघतो, उघडा लवकर जातो. खिडकीत शोभेला ठेवू नका, पत्र्याच्या कपाटातही नको, तिथं उन्हाळ्यात भट्टी होते. सुती पिशवीत, डोक्यात वर्तमानपत्राचे बोळे भरून, उंदरांच्या आवाक्याबाहेर टांगा. बोळे नसले तर कपाळ एका बाजूला बसतं आणि पुढच्या पोळ्याला बैल तिरळा निघतो. आधी जाते ती जबडापट्टीवरची जीन्सची पट्टी. म्हणून बाही मानेशी कच्च्या दोऱ्यानं जोडा, उसवून आत हात घालता येईल अशी. बाही धुवून पुन्हा टाचा. डोकं पाण्यात बुडवायचं नाही, ओल्या फडक्यानं पुसा आणि सावलीत वाळवा.